दोरीचे चरे

ऑल्डरकोटमध्ये कुणी दाराला रंग द्यायला काढला की डब्याचं झाकण उघडायच्या आत क्लेमंट पार्गेटर फाटकाशी हजर. "हा हिरवा आपल्या कालव्याचा हिरवा नव्हे हं," असं म्हणत तो खिशातून रंगाच्या नमुन्याची पट्टी काढायचा. लोक वैतागायचे, पाठीमागे नकला करायचे, पण ऐकायचे. कारण गाव उरलं होतं ते त्याच्यामुळेच. धक्क्यावरचं धान्याचं गोदाम पाडून तिथे फ्लॅट उठणार होते, ते त्याने हाणून पाडलं. घोड्यांचा जुना तबेला, चुन्याची भट्टी, कालव्यावरचा विटांच्या कमानीचा पूल, एकेक करत त्याने सगळं सरकारच्या वारसा यादीत घालून घेतलं. अधिकाऱ्यांच्या तो इतका मागे लागायचा की त्याचा आवाज ओळखून लोक फोन ठेवून द्यायचे. त्याचा जन्म मुलांना इतिहास शिकवण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर मुलं सुटली आणि गाव तावडीत सापडलं.

त्याची बायको केझाया मात्र बोटीवर जन्मलेली. कोळशाच्या लांबोडक्या बोटीच्या टोकाशी असलेल्या, कपाटाएवढ्या खोलीत तिचं सगळं बालपण गेलं. बोट ओढणाऱ्या घोड्याच्या पुढे चालायचं हे तिचं लहानपणापासूनचं काम. शाळा कधी एका जागी लाभली नाही, त्यामुळे वाचन बेताचं. पण कालव्याची घोडवाट तिला डोळे मिटून पाठ होती. "बाबांनी जतन केलेली पहिली वास्तू म्हणजे आई," असं त्यांची मुलगी हेस्टर चारचौघांत म्हणायची. सगळे हसायचे आणि सगळ्यांत मोठ्याने केझाया हसायची.

दोघं राहायची ती जागाही कालव्याचीच, पूर्वी कालव्याच्या राखणदाराचं असलेलं ठेंगणं घर. घोडवाटेने पुलाच्या कमानीखालून बाहेर पडलं की लगेच डाव्या हाताला दगडी पायऱ्या. त्या चढल्या की घराचं फाटक.

कमानीच्या त्या कोपऱ्यावर एक लोखंडी पट्टी होती, माणसाच्या छातीइतकी उंच. घोडा पुढे निघून जायचा, बोट मागे राहायची आणि मधला दोर या कोपऱ्याला घासायचा. विटा झिजू नयेत म्हणून बांधणाऱ्यांनी लोखंड ठोकलेलं. ओल्या दोराला वाटेवरची रेती चिकटायची, आणि शंभर-सव्वाशे वर्षं तो रेताड दोर घासून घासून त्या लोखंडाला चरे पडले होते. तीन खोल, मग एक उथळ, मग अंगठा बसेल असा एक रुंद. कडा अशा गुळगुळीत की हात लावला तर लोखंड मऊ आहे असं वाटावं.

कालव्यावरचे सगळे पूल एकाच साच्यातून काढलेले. डोळ्यांनी बघून कुठला कोणता हे सांगणं कठीण, आणि धुक्यात तर अशक्यच. बोटीवरची माणसं म्हणून हाताने पूल ओळखायची. प्रत्येक पुलाचे चरे वेगळे. केझायाच्या बापाने, एलायने, ती जेमतेम त्या पट्टीपर्यंत पोचायला लागली तेव्हाच तिला शिकवलं होतं, की धुक्यात भिंतीवरून हात काढायचा नाही, आणि लोखंड सांगेपर्यंत पाऊल उचलायचं नाही.

क्लेमंटला हे ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. गावाच्या इतिहासाचं जे माहितीपत्रक त्याने छापलं होतं त्यात हे सगळं होतं, चित्रासकट. फक्त ते भूतकाळात लिहिलेलं होतं.

केझायाचं डोकं हळूहळू रिकामं व्हायला लागलं त्याला आता काही वर्षं झाली होती. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग स्वयंपाकघरातल्या वस्तूंची, मग वारांची. मग एकदा ती बसल्या बसल्या क्लेमंटला म्हणाली, "मास्तर, तुमी कुणाकडं आलाय?" तो त्या दिवशी बागेत जाऊन बराच वेळ उभा राहिला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मान हलवली. हेस्टर बर्मिंगहॅमहून आली आणि तिने सरळ आईला वृद्धाश्रमात ठेवायचा विषय काढला.

"बाबा, तुमचे गुडघे बघा. तुमचं हृदय बघा. तिच्यामागे धावणार कोण?"

"धावायला लागतच नाही. ती रोज जाते आणि रोज परत येते."

हे खरं होतं. रोज दुपारी केझाया एकटी घोडवाटेने धक्क्यावरच्या दुकानात जायची. दुकानदारीण तिला बेदाण्याचा पाव द्यायची, तो ती बाकावर बसून बदकांबरोबर वाटून खायची, आणि परत निघायची. परतताना डावा हात पुलाच्या भिंतीवरून फिरवत यायची, कोपऱ्यावरच्या चऱ्यांत बोटं घालायची, स्वतःशीच मान डोलवायची आणि डावीकडे वळून पायऱ्या चढायची. नवऱ्याला विसरली, मुलीला विसरली, पण हे नाही.

"ठीक आहे," हेस्टर शेवटी म्हणाली. "ती आपल्या पायांनी घरी येतेय तोवर ती घरीच राहील. ज्या दिवशी नाही आली, त्या दिवशी मी तुमचं काही ऐकणार नाही. कबूल?"

"कबूल," क्लेमंट म्हणाला. त्याला वाटलं, आपण जिंकलो.

उन्हाळा सरता सरता शेजारच्या गावच्या पुलाचं लोखंड चोरीला गेलं. भंगारवाल्यांची टोळी होती. त्यांनी पहारीने उचकटून पट्टी नेली, जाताना चार विटाही फोडल्या. ऑल्डरकोटच्या वारसा मंडळात हलकल्लोळ झाला. गावसभेच्या खोलीत चहाची मोठी किटली तापली, बिस्किटं फिरली, आणि मंडळाची चिटणीस ॲडेला फेनविक रडवेल्या आवाजात म्हणाली, "आता आपली पाळी आहे. आपली पट्टी तर सगळ्या कालव्यावर एक नंबर."

अध्यक्ष क्लेमंटच. त्यानेच तोडगा काढला. पट्टी सोडवून गोदामातल्या संग्रहालयात न्यायची, काचेच्या पेटीत कुलपाखाली ठेवायची, आणि पुलावर तिच्या जागी नवी बसवायची. टाळ्या पडल्या.

नवी पट्टी ओतायचं काम गॅरिक नावाच्या ओतारीला दिलं होतं. तो माप घ्यायला आला तेव्हा सहज म्हणाला, "मास्तर, चरे पण पाडून देऊ का? ग्राइंडर फिरवला की झालं. कुणाला फरकसुद्धा कळायचा नाही."

क्लेमंटचा चेहरा असा झाला, जणू कुणी चर्चमध्ये थुंकलं.

"कुणाला कळायचा नाही, म्हणूनच नको," तो म्हणाला. "गॅरिक, ते चरे दोरांनी पाडलेत. माणसांनी, घोड्यांनी पाडलेत. आपण ग्राइंडरने पाडले तर ती थाप होईल. जुनं ते जुनं दिसावं आणि नवं ते नवं. आमच्या मंडळाचा हा पहिला नियम आहे."

"तुमचं मंडळ, तुमचा नियम," गॅरिक म्हणाला आणि माप घेऊन गेला.

घरी जेवताना क्लेमंटने केझायाला सगळं सांगितलं. आताशा तिला सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं, पण सवय जात नाही. ती उकडलेला बटाटा काट्याने कुस्करत होती. मधेच तिने वर बघितलं.

"लोखंड घरात कशापायी नेताय? पावसात राहून त्याला काय झालं इतकी वर्सं?"

"चोर नेतील ना, केझ."

"मग पूल कसा कळायचा?"

क्लेमंटला हसू आलं, आणि वाईटही वाटलं. "अगं, पूल कुठे जातोय? पूल तिथेच असणार आहे."

केझायाने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. लहान पोराला आपलं म्हणणं समजत नाहीये हे कळल्यावर मोठं माणूस बघतं, तसं. मग ती पुन्हा बटाटा कुस्करू लागली.

सप्टेंबरमध्ये समारंभ झाला. लिंबाचा केक होता, सॉसेज रोल होते, आणि ऐनवेळी तोंडघशी पाडणारा पाऊसही होता. गोदामाच्या आत, दिव्याखाली, जुनी पट्टी फारच सुंदर दिसत होती. चऱ्यांच्या सावल्या पडल्या होत्या. पेटीवरची पाटी क्लेमंटने स्वतः लिहिली होती, आणि खाली बारीक अक्षरात 'कृपया हात लावू नये' हेही त्यानेच. पुलावरची नवी पट्टी काळीकुळकुळीत, सपाट, कोरी. तिच्या भोवतीचे सांधे त्याने हट्टाने चुन्यानेच भरून घेतले होते, सिमेंटने नाही.

केझाया त्या दिवशी समारंभाला नव्हती. गर्दीत ती घाबरते म्हणून शेजारणीपाशी ठेवली होती.

पुढच्या मंगळवारी ती पाव खायला गेली आणि चहाच्या वेळेला परत आली नाही. क्लेमंट दारात येरझाऱ्या घालत होता, तोच एका सहलीच्या बोटीतून एक तरुण जोडपं तिला घेऊन आलं. ती दोन पूल पलीकडे, कालव्याचं पाणी अडवणाऱ्या लॉकच्या दरवाजांपाशी सापडली होती.

"आजी ना, पुलापुलाशी थांबून भिंतीला हात लावत होत्या," ती मुलगी सांगत होती. "आणि मग नाही नाही करत पुढे..."

क्लेमंटने ते नीट ऐकलं नाही. त्या पोराने बोटीचा दोर काठावरच्या ज्या कडीला बांधला होता ती फार जुनी, गंजलेली कडी होती. तिला ताण देऊ नये हे त्याला आधी सांगायचं होतं. ते सांगून झाल्यावर त्याने आभार मानले.

हेस्टरला त्याने फोन केला नाही. एक वेळ चुकली, त्यात काय. रोगच असा आहे. पण दोन दिवसांनी तेच झालं, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातही. मग त्याने दाराला कुलूप लावलं. केझायाने दार बडवायला सुरुवात केली. "घोडा भाईर एकटा उभा हाय," ती ओरडत होती, "सोडा मला, घोडा एकटा हाय." तिच्या हाताची सालपटं निघाली तेव्हा क्लेमंटने कुलूप काढलं आणि तिचे हात कोमट पाण्यात धरून बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

नोव्हेंबरमध्ये, तो खुर्चीत डुलकी घेत असताना, ती निघून गेली आणि कालव्यात पडली. कालवा काही खोल नाही, कमरेइतकं पाणी आणि त्याखाली गुडघाभर चिखल. पण पाणी बर्फासारखं होतं. कुत्रा फिरवायला आलेल्या एका बाईने तिला काठावर ओढलं. दवाखान्यात केझाया पांढऱ्या चादरीत इतकी लहान दिसत होती की क्लेमंटला क्षणभर वाटलं, ही दुसरीच कोणी आहे.

हेस्टर आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"शहराबाहेर एक चांगला वृद्धाश्रम आहे. नाताळ झाला की खोली मिळेल. मी हो म्हणून टाकलंय."

"हेस्टर, अजून थोडे दिवस..."

"आपलं काय ठरलं होतं, बाबा?"

 नाताळपर्यंत केझाया घरी राहील, पण एकटी बाहेर जाणार नाही, एवढंच त्याच्या पदरात पडलं.

म्हणून मग तो तिच्याबरोबर जायला लागला, काठी टेकत, दर थोड्या अंतरावर थांबत. गंमत अशी की लग्नाला इतकी वर्षं होऊन तो कधी तिच्या या फेरीला गेला नव्हता. त्याला सभा असायच्या.

पहिल्याच दिवशी, पाव खाऊन परतताना, ती पुलाखाली शिरली. डावा हात भिंतीवर. बोटं विटांवरून सरकत सरकत कोपऱ्याशी आली, नव्या लोखंडावर टेकली. थांबली. वर गेली, खाली आली. पुन्हा वर. केझायाच्या कपाळाला आठी पडली. तिने चारी बोटं फाकवून त्या सपाट लोखंडावर दाबली, अंगठा शोधला, आणि मान हलवली.

"ह्यो नाय," ती म्हणाली.

आणि पुढे चालू लागली. पायऱ्या डाव्या हाताला होत्या. वर फाटक होतं, फाटकावर क्लेमंटने योग्य त्या हिरव्या रंगात रंगवलेलं घराचं नाव होतं. तिने तिकडे पाहिलंदेखील नाही.

क्लेमंट तिथेच उभा राहिला. काठी हातातून सुटली आणि खडखडत घोडवाटेवर पडली. त्या मुलीचं बोलणं आठवलं, पुलापुलाशी थांबून. गॅरिकचं आठवलं, चरे पण पाडून देऊ का. आणि बटाटा कुस्करता कुस्करता तिने विचारलेलं आठवलं. तिने अगदी साध्या शब्दांत विचारलं होतं आणि तो हसला होता.

"केझ," त्याने हाक मारली. "केझ, थांब. घर इकडे आहे."

ती वळून म्हणाली, "नाय हो मास्तर. आमचं घर अजून पुढंच हाय."

त्याच आठवड्यात त्याने मंडळाची तातडीची सभा बोलावली. पुन्हा किटली, पुन्हा बिस्किटं. तो उभा राहिला आणि त्याने सांगितलं की पट्टी परत पुलावर बसवायला हवी. कारणही सांगितलं. ते ऐकताना खोलीतल्या बऱ्याच जणांनी खाली बघितलं.

ॲडेला फेनविक वाईट बाई नव्हती. तिने उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "क्लेमंट, आम्हाला समजतंय हो. पण काढताना तिचे जुने खिळे कापावे लागले. परत बसवायची म्हणजे त्या जुन्या लोखंडालाच भोकं पाडायची. कालवा खात्याची परवानगी नव्याने घ्यायची. तुम्हालाच ठाऊक आहे, उन्हाळ्याच्या आधी ते कागदाला हात लावणार नाहीत. आणि चोरीचं काय?"

"मग नवीवर चरे पाडू द्या. गॅरिक देईल पाडून."

 मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "ती थाप होईल, असं तुम्हीच म्हणाला होतात." टोचायला नव्हतं म्हटलं, बिचाऱ्याने फक्त आठवण करून दिली. मत घेतलं तेव्हा मदतीचे बरेच प्रस्ताव पुढे आले. कुणी केझायाला फिरायला नेईन म्हणालं, कुणी आठवड्याला डबा पाठवीन म्हणालं. पट्टी मात्र होती तिथेच राहिली. सभा संपल्यावर क्लेमंटच्या लक्षात आलं की यांना नाही म्हणायला आपणच शिकवलंय, आणि शिकवलं होतं फार छान.

मग त्याने घरातली जुनी कानस शोधून काढली आणि भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, पुलापाशी उभा राहून नव्या पट्टीला चरे पाडायला लागला. माहितीपत्रकाचं चित्र समोर धरलं होतं. तीन खोल, एक उथळ, एक रुंद. धक्क्यावरची दुकानदारीण आली, बघत राहिली, आणि गरम चहाचा कप त्याच्याजवळ ठेवून गेली. त्याचे हात खडूचे. कानस घसरायची, बोटं सोलवटायची, छातीत कळ यायची तेव्हा तो भिंतीला टेकून थांबायचा. जे त्याने जन्मभर दुसऱ्याला करू दिलं नसतं ते तो करत होता, आणि त्याला लाज वाटत नव्हती. काम उरकलं तेव्हा नाताळ अगदी तोंडावर आला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने केझायाला गरम कोट चढवला, स्कार्फ गुंडाळला आणि पुलाखाली आणलं. तिची बोटं भिंतीवरून सरकत आली. पहिल्या चऱ्याशी थांबली. क्लेमंटने श्वास रोखला.

तिने बोट आत घातलं आणि झटकन मागे घेतलं. बोटाच्या टोकाला रक्ताचा थेंब आला होता. तिने तो तोंडात घातला आणि मग, त्याला समजावल्यासारखं, म्हणाली, "कानशीचं काम हाय हे. दोरीचं नाय. दोरी कापत नसती."

त्या दिवसानंतर ती बाहेर जायचं म्हणाली नाही. खिडकीशी बसून राहायची. नाताळच्या जेवणाला हेस्टरने तिला कागदी टोपी घातली, ती तिने डोक्यावर तशीच ठेवून घेतली, आणि टोपी कानावर घसरली तरी सारखी केली नाही. क्लेमंटने बदकाचा तुकडा बारीक करून तिला भरवला.

जायच्या दिवशी हेस्टर गाडी घेऊन आली. सामान फार नव्हतं. एक बॅग, एक पितळी मूठ, जी एलायच्या बोटीच्या दाराची होती, आणि लोकरीचं पांघरूण. बाहेर राखाडी, ओली सकाळ होती. क्लेमंट पुढच्या सीटवर बसला आणि म्हणाला, "गोदामापाशी जरा थांब."

"बाबा, कशाला आता?"

"थांब म्हणतो ना."

हेस्टरने गाडी धक्क्यावर घेतली. संग्रहालय नाताळासाठी बंद होतं, पण एक किल्ली क्लेमंटकडे असायची. त्याने केझायाला दंडाला धरून आत नेलं. आत गारठा होता आणि जुन्या धान्याचा वास. त्याने दिवा लावला, काचेच्या पेटीचं कुलूप काढलं, झाकण वर केलं. झाकणावरचं 'कृपया हात लावू नये' त्याच्याबरोबर वर गेलं आणि दिसेनासं झालं.

"केझ. हात दे."

तिचा हात गार होता. त्याने तो धरून लोखंडावर ठेवला आणि सोडून दिला.

तिची बोटं हलली. पहिल्या तीन चऱ्यांत ती अशी बसली जशी हाताला मोजे बसतात. मग चौथं बोट उथळ चऱ्यात, मग अंगठा. केझायाचे खांदे खाली आले. कितीतरी महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर कुणीतरी राहायला आलं.

"हां," ती म्हणाली. "आलं की."

आणि ती डावीकडे वळली. पायरीसाठी तिने पाऊल उचललं. ते सपाट फरशीवर पडलं, तिचा तोल गेला, आणि क्लेमंट धरेपर्यंत तिने दोन्ही हात पुढे टेकवले. पुढे गोदामाची भिंत होती. तिला लागून गावाच्या चित्रांची पोस्टकार्डं विकायचा छोटा स्टँड होता, तो हलला आणि दोन-चार कार्डं खाली पडली. पुलाची, तबेल्याची, त्यांच्याच घराची.

केझाया भिंत चाचपू लागली. वर, खाली, आजूबाजूला. वीट, वीट आणि वीट.

"क्लेम," ती म्हणाली. किती दिवसांत तिने त्याचं नाव घेतलं नव्हतं. "क्लेम, पायऱ्या कुठं गेल्या रं?"

गावातल्या कुठल्याही विटेचं साल विचारा, क्लेमंट पार्गेटर सांगायचा.  आता खोटं बोलायचं तरी काय, तेही त्याला सुचेना.

तिने वाट पाहिली. मग तिलाच उलगडलं, आणि तिचा आवाज एकदम शांत, समजूतदार झाला, लहान भावंडाशी बोलावं तसा.

"धुकं हाय," ती म्हणाली. "लई दाटलंय. भ्यायचं नाय. बा मागनं बोट घेऊन येतोय, तोवर हितंच थांबायचं." तिने अंदाजाने त्याचा हात शोधला, आपल्या हाताशेजारी भिंतीवर नेऊन ठेवला, आणि वरून दाबला. "भिंतीवरनं हात काढू नगं."

बाहेर हेस्टरने हॉर्न वाजवला, एकदाच, हळू. मग इंजिन बंद झाल्याचा आवाज आला.

क्लेमंटने हात काढला नाही.